दाखला कोणासाठी? : लेखाव्यवसायापुढील आव्हानांच्या चर्चेची एक चिकित्सा

वाणिज्य विभागांच्या चर्चासत्रांत गेली अनेक वर्षे एक विषय हमखास आढळतो : लेखा व वित्त क्षेत्रातील व्यावसायिकांपुढील आव्हाने आणि नवे प्रवाह. निबंधांची मांडणीही बहुधा ठरलेली असते. जागतिकीकरणाने स्पर्धा वाढली, संगणकीकरणाने कामाचे स्वरूप पालटले, वस्तू व सेवा कराने कायद्याचे ओझे वाढविले, आंतरराष्ट्रीय लेखामानके आली, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. तेव्हा व्यावसायिकाने आपली कौशल्ये अद्ययावत करावीत, असा या मांडणीचा शेवट असतो. यातील एकही विधान चुकीचे नाही. परंतु ही सर्व आव्हाने बाहेरून येणारी आहेत. तंत्र बदलले, कायदा बदलला, बाजार बदलला, असे म्हटले की बदलण्याची जबाबदारी तेवढी व्यावसायिकावर उरते. व्यवसायाच्या रचनेतच काही दोष आहे काय, हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. गेल्या पाव शतकातील भारतातील मोठ्या आर्थिक गैरव्यवहारांकडे पाहिले असता मात्र असे दिसते की लेखापरीक्षक अडखळले ते नवे ज्ञान नसल्यामुळे क्वचितच. जे जुने, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेले काम होते, ते न झाल्यामुळे ते अडखळले. ते काम का झाले नाही, हा चर्चेचा खरा मुद्दा व्हावयास हवा.

राखणदाराचे रूपक

लेखापरीक्षण हा विषय शिकविताना १८९६ सालच्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्याचा उल्लेख केल्यावाचून प्राध्यापकांचे पान हलत नाही. लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचे विधान विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवितात. ज्या वस्तुस्थितीत हे विधान केले गेले ती मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या गिरणीच्या व्यवस्थापकाने कापूस व सुताचा शिल्लक साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखविला होता. लेखापरीक्षकांनी साठा स्वतः तपासला नाही. व्यवस्थापकाच्या दाखल्यावर विसंबून तो आकडा ताळेबंदात येऊ दिला. आरंभीच्या साठ्यात खरेदी मिळवून विक्री वजा केली असती तरी विसंगती ध्यानात आली असती. न्यायालयाने लेखापरीक्षकांना दोषमुक्त केले, कारण संशयाला जागा नसताना विश्वासातील अधिकाऱ्याच्या शब्दावर विसंबणे हा हलगर्जीपणा नव्हे, असे मानले गेले.

म्हणजे व्यवसायाचे ब्रीद म्हणून जे वाक्य शिकविले जाते, ते मुळात तपासणी न केल्याबद्दल मिळालेल्या माफीचे वाक्य आहे. राखणदाराने भुंकावे अशी अपेक्षा त्यात आहे खरी; पण घरातलाच माणूस चोरी करीत असेल तर राखणदार शेपूट हलवितो, ही अडचण त्या रूपकातच दडलेली आहे.

या निकालानंतर एकशे तेरा वर्षांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून ताळेबंदातील आकडे खोटे असल्याची कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखविली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतील शिल्लक तपासण्यासाठी लेखापरीक्षकाने बँकेकडून थेट पुष्टिपत्र मागवावे, हा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. ही पुष्टिपत्रे पाठविण्याची व परत घेण्याची प्रक्रिया लेखापरीक्षकांनी कंपनीच्या व्यवस्थापनाच्या हाती जाऊ दिली, असा ठपका अमेरिकेतील नियामकांनी २०११ मध्ये ठेवला आणि प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांना एकूण ७५ लाख डॉलरचा दंड झाला. किंग्स्टनच्या गिरणीत व्यवस्थापकाचा दाखला, हैदराबादेत व्यवस्थापनामार्फत आलेली पुष्टिपत्रे. दोन्ही ठिकाणी ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच हातून पुरावा घेतला गेला.

भारतात पुढे जे घडले तेही लक्षणीय आहे. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरविले. त्यांत दोन लेखापरीक्षक होते. जानेवारी २०१८ मध्ये सेबीने प्राइस वॉटरहाउसच्या भारतातील संस्थांना नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षणास दोन वर्षे मनाई केली. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रतिभूती अपील न्यायाधिकरणाने ही मनाई रद्द केली. लेखापरीक्षकांच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार सेबीचा नाही, ही त्यामागील भूमिका होती. गैरव्यवहार उघड झाल्यावर दहा वर्षे लोटली तरी लेखापरीक्षकाला शिस्त लावणारा कोण, हाच वाद चालू होता. १ जुलै १९४९ रोजी स्थापन झालेल्या सनदी लेखापाल संस्थेकडे व्यवसायाचे शिक्षण, परीक्षा, परवाना आणि शिस्त ही चारही कामे होती. जी संस्था सभासदांची प्रतिनिधी तीच त्यांची न्यायाधीश, या व्यवस्थेवर टीका होत राहिली आणि कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३२ अन्वये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाची तरतूद झाली. तरतूद झाल्यावर प्राधिकरण प्रत्यक्षात स्थापन होण्यास १ ऑक्टोबर २०१८ उजाडावा लागला. त्याच दिवशी केंद्र शासनाने आयएल अँड एफएस समूहाचे संचालक मंडळ हटविण्यासाठी पाऊल उचलले, हा योगायोग बोलका आहे. सुमारे ९१,००० कोटी रुपयांचे कर्ज डोक्यावर असलेला हा समूह हप्ते थकवू लागला तोपर्यंत त्याच्या लेखापरीक्षण अहवालांतून सामान्य गुंतवणूकदाराला धोक्याची सूचना मिळालेली नव्हती.

सहकारी बँकांचा धडा

कंपनी क्षेत्रातील ही उदाहरणे महाराष्ट्रातील वाचकाला काहीशी दूरची वाटण्याचा संभव आहे. भागधारक शेअर विकून मोकळा होऊ शकतो. नागरी सहकारी बँकेतील ठेवीदाराला ती सोय नसते. निवृत्त शिक्षक, गृहनिर्माण संस्था, लहान दुकानदार, धर्मादाय न्यास हे तिचे ठेवीदार. त्यांच्यापैकी फार थोडे वार्षिक अहवाल वाचतात. वाचला तरी लेखापरीक्षण वर्ग ‘अ’ आहे एवढे पाहून निर्धास्त होतात. या एका अक्षरावर मराठी मध्यमवर्गाचा जेवढा विश्वास आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या अक्षरावर असेल.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले आणि ठेवीदारांना आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. एकूण सुमारे ८,८०० कोटी रुपयांच्या कर्जांपैकी ६,५०० कोटी रुपये एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकले होते. ही थकीत कर्जे झाकण्यासाठी ४४ कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली, असे तपासातून पुढे आले. बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेस लिहिलेल्या पत्रातील एक मुद्दा वाणिज्य शाखेच्या प्रत्येक वर्गात वाचून दाखवावा असा आहे. त्याचा आशय असा की बँक वाढत होती, लेखापरीक्षकांपाशी वेळ कमी असे आणि म्हणून ते सर्व खाती न तपासता केवळ वर्षभरात वाढलेली कर्जेच तपासत. आरोपीचे म्हणणे म्हणून ते सावधपणे घ्यावयास हवे, आणि स्वतःवरचा दोष वाटून देण्याचा हेतू त्यामागे असू शकतो, हेही मान्य. परंतु नमुना कोणता तपासला जाणार हे तपासून घेणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर नमुना-तपासणीला अर्थ उरत नाही, हे तत्त्व त्या पत्रातून जितके स्पष्ट होते तितके पाठ्यपुस्तकातील व्याख्येतून होत नाही.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या रकमेच्या ठेवीदारांना आपले पैसे टप्प्याटप्प्याने, काहींना दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत मिळणार, अशी ती योजना होती. साठीच्या घरातील ठेवीदाराला दहा वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे काय, हे ताळेबंदाच्या कोणत्याही परिशिष्टात दाखविता येत नाही. पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी तर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध लागल्यापासून सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द होईपर्यंत साडेनऊ वर्षे वाट पाहिली.

या प्रकरणांनंतर नियम कडक झाले, हे नाकारता येणार नाही. २०२० च्या बँकिंग नियमन दुरुस्तीने सहकारी बँकांच्या लेखापरीक्षकाची नियुक्ती रिझर्व्ह बँकेच्या पूर्वमान्यतेशी जोडली गेली. २७ एप्रिल २०२१ च्या परिपत्रकाने एका संस्थेला सलग तीन वर्षांपेक्षा अधिक काळ त्याच बँकेचे काम करता येणार नाही, आणि मग सहा वर्षे त्या बँकेत परतता येणार नाही, असे बंधन आले. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, ते बँकेच्या रोकडीतून १२२ कोटी रुपये नाहीसे झाल्याच्या आरोपामुळे. येथे बनावट खात्यांचे जाळे नव्हते, संगणकाची करामत नव्हती. प्रश्न होता तिजोरीत नोटा आहेत की नाहीत एवढाच. रोख शिल्लक प्रत्यक्ष मोजून पाहावी आणि सर्व ठिकाणची एकाच वेळी मोजावी, हा लेखापरीक्षणाच्या पुस्तकातील अगदी आरंभीचा पाठ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली आणि ठेवीदार बचावले. रोकड मोजण्याचे काम वर्षानुवर्षे कसे होत होते, हा प्रश्न विलीनीकरणाने निकालात निघत नाही.

बँका वगळता इतर सहकारी संस्थांची स्थिती निराळी, आणि एका अर्थी अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१३ च्या दुरुस्तीनंतर शासनमान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला मिळाला. तत्त्वतः हे लोकशाहीचे पाऊल होते. प्रत्यक्षात काय होते हे महाविद्यालयीन सेवकांच्या पतसंस्थेची वार्षिक सभा पाहिलेल्या कोणाही प्राध्यापकाला सांगावे लागणार नाही. लाभांशावर तासभर चर्चा होते, भेटवस्तू काय द्यावी यावर त्याहून अधिक. लेखापरीक्षकाच्या नियुक्तीचा विषय अल्पोपाहाराच्या बशा मांडल्या जात असताना ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पार पडतो. नाव कार्यकारी मंडळाने सुचविलेले असते. म्हणजे सभेचा अधिकार कागदावर आणि निवड मंडळाची. गैरव्यवहार आढळल्यास निबंधकांस विशेष अहवाल द्यावा आणि त्यांच्या परवानगीने फिर्याद नोंदवावी, असे कर्तव्य कायद्याने याच लेखापरीक्षकावर टाकले आहे. ज्यांनी नेमले, ज्यांच्या सहीने मेहनताना मिळणार आणि ज्यांच्या शिफारशीवर पुढील वर्षाचे काम अवलंबून, त्यांच्याविरुद्ध त्याने फिर्याद द्यावयाची आहे. तालुक्याच्या गावी कार्यालय थाटून बसलेल्या तरुण लेखापरीक्षकाने हे धैर्य दाखवावे, अशी अपेक्षा करताना त्याच्या पाठीशी कोणती व्यवस्था उभी आहे, याचे उत्तर कोणी देत नाही. त्याच गावात त्याच संचालकांच्या दुकानांचे व पेढ्यांचे विवरणपत्र भरण्याचे कामही त्याला मिळवायचे असते.

तंत्राचे आश्वासन

यावर तंत्रज्ञान हा उपाय सांगितला जातो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना लेखा-संगणकप्रणालीत प्रत्येक नोंदीच्या फेरफाराचा माग राखणे बंधनकारक झाले; ही तरतूद दोनदा पुढे ढकलली गेल्यानंतर लागू झाली. त्यापूर्वी २०१९ मध्ये सनदी लेखापाल संस्थेने प्रत्येक दाखल्यावर व लेखापरीक्षण अहवालावर स्वतंत्र ओळख क्रमांक टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. बनावट सही-शिक्क्याच्या दाखल्यांना त्यामुळे मोठाच आळा बसला आणि या सुधारणेचे श्रेय संस्थेला द्यावयास हवे. परंतु हा क्रमांक सही खरी असल्याची ग्वाही देतो. सहीवरचा मजकूर खरा असल्याची नव्हे. फेरफाराचा मागही असाच आहे. नोंद कोणी व केव्हा बदलली हे त्यातून कळेल. पहिल्यांदाच खोटी केलेली नोंद मात्र कोणताही माग न सोडता निर्मळ दिसेल. कीर्द-खतावणीच्या काळातील मुनीमही खाडाखोड न करता खोटी नोंद करू शकत होता.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी वाटणारे कुतूहल आणि धास्ती दोन्ही समजण्यासारखी आहेत. नमुना न घेता सर्वच्या सर्व व्यवहार चाळता येणे ही मोठी सोय आहे. वरील उदाहरणातील ‘वाढलेली कर्जेच तपासतो’ ही सबब तिच्यामुळे निकाली निघू शकते. दुसरी बाजूही अलीकडेच दिसली. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका निर्णयात अस्तित्वात नसलेले निवाडे आधारभूत धरल्याचे आढळून आले आणि तो मागे घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार संस्थेला, शासनासाठी तयार केलेल्या अहवालात खोटे संदर्भ आढळल्यावर, शुल्काचा काही भाग परत करावा लागला. अहवालाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतल्याचे तिने मान्य केले. दोन्ही प्रसंगी मजकूर सफाईदार होता आणि आधार तपासलेला नव्हता. व्यवस्थापकाचा दाखला न तपासता स्वीकारणे आणि यंत्राचे उत्तर न तपासता स्वीकारणे यांत वृत्तीचा फरक नाही.

कायद्यांच्या बदलत्या ओझ्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला, त्याबरोबर सनदी लेखापालांकडून प्रमाणित करावयाचे विवरण आले, आणि २०२१ मध्ये ते प्रमाणन काढून करदात्याच्या स्वयंघोषणेवर सोपविण्यात आले. लहान कार्यालयांनी या कामासाठी माणसे नेमली होती. शासनाने दिलेले काम शासन काढूनही घेऊ शकते. ज्या व्यवसायाचे उत्पन्न कायदेशीर सक्तीवर उभे आहे, त्याने ही अनिश्चितता गृहीत धरावयास हवी. आता १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारा, २०२५ मध्ये संमत झालेला नवा कायदा १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू होण्याचा असल्याने कलमांचे क्रमांक नव्याने पाठ करण्याचे दिवस आले आहेत. त्रास खरा असला तरी तो सरावाने सुटणारा आहे.

लहान कार्यालये, मोठी नावे

स्वातंत्र्याचा प्रश्न सरावाने सुटणारा नाही, आणि तो सोडविण्याचे जे मार्ग सुचविले जातात त्यांना किंमत आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने समूह कंपन्यांच्या लेखापरीक्षणात मुख्य लेखापरीक्षकाची जबाबदारी वाढविणाऱ्या मानकाची शिफारस केली, तेव्हा सनदी लेखापाल संस्थेने तिला विरोध केला. उपकंपन्यांच्या लेखापरीक्षकाच्या कामाचीही जबाबदारी मुख्य लेखापरीक्षकावर आली, तर तो ते काम आपल्याच संस्थेकडे ओढून घेईल आणि लहान संस्था उपाशी राहतील, हा विरोधाचा गाभा होता. ही भीती निराधार नाही. मात्र सत्यम आणि आयएल अँड एफएस या दोन्ही ठिकाणी लेखापरीक्षण मोठ्या नावांकडेच होते, ही गोष्ट या वादात दोन्ही पक्षांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलेली दिसते. आकार हा स्वातंत्र्याचा पुरावा नव्हे. लहान कार्यालय एका ग्राहकाला गमावण्यास भिते, मोठे कार्यालय त्या ग्राहकाकडून मिळणारी इतर कामे गमावण्यास भिते. कंपनी कायद्याच्या कलम १४४ ने लेखापरीक्षकाला काही सेवा देण्यास मनाई केली आहे ती याचसाठी. सहकारी संस्थांच्या बाबतीत मात्र लेखापरीक्षकाने त्या संस्थेच्या संचालकांची वैयक्तिक कामे घेऊ नयेत, हा प्रश्न जाहीर चर्चेत क्वचितच येतो. आणि महाराष्ट्रात सर्वाधिक गरज तेथेच आहे.

भीतीने राजीनामा देऊन बाजूला होण्याचा मार्गही आता तितका मोकळा राहिलेला नाही. २०१८ च्या सुमारास अनेक नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षकांनी मुदत संपण्याआधी काढता पाय घेतला, कारणे मोघम दिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबीने राजीनाम्यापूर्वी त्या तिमाहीचा अहवाल पुरा करण्याचे बंधन घातले, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने राजीनामा दिल्याने गैरव्यवहार कळविण्याच्या कर्तव्यातून सुटका होत नाही, असे स्पष्ट केले. भागधारकांना मिळालेले हे संरक्षण पतसंस्थेच्या सभासदाला मिळालेले नाही.

वाणिज्य महाविद्यालयांचा याच्याशी संबंध केवळ अभ्यासक्रमापुरता नाही. सनदी लेखापाल संस्थेने १ जुलै २०२३ पासून लागू केलेल्या नव्या शिक्षणयोजनेत प्रत्यक्ष कार्यानुभवाचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. विद्यार्थी लवकर मोकळा होईल हे खरे. पण गोदामात जाऊन साठा मोजणे, शाखेत अचानक जाऊन रोकड तपासणे, शाखाधिकाऱ्याने पुढे केलेला चहा घेऊनही त्याच्या उत्तरावर दुसरा प्रश्न विचारणे, या गोष्टी त्या एका वर्षात घडत असत. त्यातील काही भार आता पदवीच्या वर्गावर येणार आहे. तेथे किंग्स्टन कॉटन मिलचा खटला शिकविताना निकालाचे वाक्य सांगण्याआधी त्या गिरणीच्या साठ्याचे, खरेदीचे आणि विक्रीचे आकडे फळ्यावर मांडून विसंगती विद्यार्थ्यांनाच शोधावयास लावता येईल. आणि मग, हाच दाखला त्यांच्या आईवडिलांच्या ठेवी असलेल्या बँकेच्या व्यवस्थापकाने दिला असता तर त्यांनी त्यावर सही केली असती काय, हा प्रश्न परीक्षेत पाच गुणांसाठी विचारता येईल.